पावणेसहा अँपिअर

पणजीहून मी एक यादी घेऊन आलो होतो,
डावीकडे इंग्रजी, उजवीकडे कोरा रकाना.
लाइनमनच्या पुस्तकासाठी शब्द हवे होते.
तीन बैठका आणि बऱ्याच भज्यांनंतर
समितीने एक सुचवला होता:
भूदोष-वलय-संरोध.

रोहिदास च्यारी, वायरमन, सावईवेरे,
शिडीवरूनच म्हणाला,
भूदोष म्हटलंत तर लोक आधी भटजी बोलावतील.
वलय असतं देवाच्या फोटोत, डोक्यामागे.
आणि संरोध हे एकदा वर्गात म्हणून बघा,
मागच्या बाकावरची पोरं
कसलं पाकीट आठवून हसतात ते.

मग तुम्ही काय म्हणता?
आमी? अर्थ बरो ना म्हणटांव, इतलेंच.

अर्थ बरा नाही.
मी वही मिटली.

खाली कुळागर, पोफळींच्या मुळाशी बारमाही ओल.
पंपाचं खोपटं मात्र वर, सड्याच्या कडेला,
जिथे मे महिन्यात चिरा
भाकरीच्या तव्यासारखा कोरडा होतो.
तिथे उभा राहून त्याने बोटाने वाट दाखवली:
ट्रान्सफॉर्मरातून निघतो, खांबाखांबाने येतो,
मीटर, फ्यूज, पंप.
पंपाच्या पोटात कुठे तरी वायरचं साल निघालेलं,
तिथून तो लोखंडात शिरतो. हा दोष.
आता त्याला घरी जायचं असतं.
हिरव्या वायरने खड्ड्यात,
कोळसा, मीठ, मग नुसती जमीन,
जमिनीखालून त्याच ट्रान्सफॉर्मरच्या पायाशी.
या सगळ्या वाटेवर,
येताना आणि जाताना मिळून,
त्याला जेवढं अडतं
तेवढा तुमचा तो शब्द.

नाही अडलं तर धावत सुटतो,
फ्यूज उडतो, काळोख होतो,
लोक मला शिव्या घालतात.
शिव्या आल्या की समजायचं, माणसं जिवंत आहेत.

आणि अडलं तर?

खिशातली पेन्सिल काढून त्याने भिंतीवर मांडलं.
दोनशे तीस भागिले चाळीस.
पावणेसहा.
फ्यूज सोळाचा.
सोळाच्या फ्यूजला पावणेसहा म्हणजे
दारावर कुणी आलंच नाही.
पंप चालू राहतो.
लोखंड वाट बघत राहतं.

उल्हास गावडे, एकोणीस वर्षांचा, अनवाणी,
शिंपण करायला आलेला, हात ओले.

खड्डा माझाच, रोहिदास म्हणाला.
ऑगस्टात खणला, तेव्हा तीन ओहम भरला होता.
कागदावर तीन. सही माझी.
मे महिन्यात कोण मोजतो?

एवढ्यात सुकांती कळशी घेऊन वर आली,
आमच्याकडे न बघता
जमिनीतून डोकावणाऱ्या पाइपच्या तोंडात
सावकाश पाणी ओतलं,
शेवटचा ओंजळभर पाइपच्या भोवती शिंपडला
आणि गेली.
आठ वर्षं. रोज.
पाहुण्यांना वाटतं, कसलं तरी रोप आहे,
उगवत कसं नाही.
तेव्हा मीच सांगितलं होतं तिला,
भुईक पाणी दी, भुई सुकता.

आणि आता?
आता आत ती नवी डबी बसवलीय.
करंट जरा इकडेतिकडे झाला की डोळा मिटायच्या आत तोडते.
पाण्याची तशी गरज नाही.
तिला सांगायचं राहिलंय.
पेन्सिलीचं टोक त्याने नखाने तपासलं.

परतीच्या बसमध्ये, फोंड्याच्या अलीकडे,
मी रकान्यात लिहिलं: परतवाटेची अडवणूक.
मग अडवणूक खोडलं.
मग वाट.
'परत' एवढंच उरलं, तेही घामाने फिसकटलं.

छापून आला तो समितीचाच शब्द,
पान एकशे बारा.
पोरं हसतात म्हणे.
तळटीप तेवढी मी भांडून घेतली,
बारीक टायपात, चार शब्दांची:
हा मे महिन्यात मोजावा.